परत गेलेला कैदी : मार्कस रेग्युलस

आमच्यासमोर एका जुन्या मुद्राचित्राची प्रतिकृती आहे. मूळ चित्र सुमारे दीड फूट उंच आणि सव्वादोन फुटांहून थोडे अधिक रुंद आहे. रंग एकच, काळा; आणि तोही कागदावर बारीक रेघांच्या जाळ्यातून उमटलेला. चित्रात माणसांची दाटी झाली आहे. सैनिक आहेत, बघे आहेत, आणि या साऱ्या गर्दीचे लक्ष एका लाकडी पिंपाकडे लागले आहे. काही माणसे त्या पिंपात खिळे ठोकीत आहेत. सुतारकाम चालले असावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण खिळ्यांची टोके आत आहेत, आणि पिंपाच्या आत एक जिवंत माणूस आहे, हे ध्यानात आले की अंगावर शहारा येतो.

हे चित्र साल्वातोर रोझा या इटालियन कलावंताने १६६२ च्या सुमारास कोरले. रोझाचा जन्म १६१५ मध्ये नेपल्सजवळ झाला व मृत्यू १६७३ मध्ये रोम येथे झाला. तो चित्रकार होता, तसाच कवी आणि उपहासकारही होता. हाच प्रसंग त्याने त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे आधी तैलरंगांतही रंगविला होता. तथापि तैलचित्र एकाच धनिकाच्या भिंतीवर टांगले जाते. मुद्राचित्राचे तसे नसते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर द्यावयाचा, त्या थरावर सुईने चित्र रेखावयाचे आणि मग पत्रा आम्लात ठेवावयाचा. सुईने जेथे मेण खरवडले असेल तेथे आम्ल तांबे खाते आणि रेघ खोल होते. त्या रेघांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागद दाबाखाली घेतला की चित्र कागदावर उलटे उमटते. एका पत्र्यावरून अशा कितीतरी प्रती निघतात. रोझाचे हे चित्र त्यामुळे पुष्कळांच्या हाती गेले, आणि आज युरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत त्याच्या प्रती जपून ठेवलेल्या आहेत.

पण आमच्या या लेखाचा नायक रोझा नव्हे. पिंपातला तो माणूस कोण, त्याने असा कोणता अपराध केला होता, आणि एकोणीस शतकांनंतरच्या चित्रकाराला त्याची आठवण का व्हावी, हे आम्हांस सांगावयाचे आहे. त्याचे नाव मार्कस आटिलियस रेग्युलस.

रेग्युलस ज्या रोममध्ये वाढला ते संगमरवरी प्रासादांचे, सम्राटांचे रोम नव्हते. ते शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक होते. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात. तेच राज्याचे प्रमुख आणि तेच सेनापती. वर्ष संपले की ते पुन्हा सामान्य नागरिक होत. इ. स. पू. २६७ मध्ये रेग्युलस प्रथम कॉन्सल झाला. इटलीच्या दक्षिण टोकाशी राहणाऱ्या सालेंतिनी लोकांचा त्याने पराभव केला, ब्रुंडिसियम हे महत्त्वाचे बंदर जिंकले आणि रोमच्या रस्त्यांतून विजयाची मिरवणूक काढण्याचा मान मिळविला. त्यानंतर लवकरच, इ. स. पू. २६४ मध्ये, रोमला एका फार मोठ्या शत्रूशी गाठ घालावी लागली.

तो शत्रू म्हणजे कार्थेज. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियात, हे नगर वसलेले होते. व्यापाराने ते संपन्न झाले होते आणि पश्चिम भूमध्य समुद्रावर त्याच्या आरमाराचा दरारा होता. रोम आणि कार्थेज यांच्या मधोमध सिसिलीचे सुपीक बेट. त्या बेटावरून पेटलेले युद्ध तेवीस वर्षे चालले. जमिनीवर लढणाऱ्या रोमन लोकांना समुद्राची सवय नव्हती. पण त्यांनी जहाजे बांधली, वल्ही मारण्याचा सराव केला, आणि शत्रूच्या जहाजावर आदळून त्यात रुतणारा एक पूल तयार केला. पक्ष्याच्या चोचीसारखा त्याला खिळा असल्यामुळे त्याचे नाव कावळा असे पडले. या पुलावरून सैनिक शत्रूच्या जहाजावर धावून जात, आणि समुद्रावरील लढाईला जमिनीवरील लढाईचे रूप येई.

इ. स. पू. २५६ मध्ये एक कॉन्सल अधिकारावर असतानाच वारला आणि त्याच्या जागी रेग्युलसची दुसऱ्यांदा निवड झाली. त्याचा सहकारी होता मॅनलियस व्हल्सो. युद्ध आता थेट आफ्रिकेच्या भूमीवर न्यावयाचे, असे रोमने ठरविले होते. सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर एक्नोमस येथे दोन्ही आरमारे समोरासमोर आली. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमची ३३० आणि कार्थेजची ३५० जहाजे होती, असे लिहिले आहे. जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या नाविक युद्धांत या लढाईची गणना होते. रोमची २४ जहाजे बुडाली. कार्थेजची तीसहून अधिक बुडाली आणि ६४ शत्रूच्या हाती पडली. आफ्रिकेचा मार्ग मोकळा झाला.

रोमन सैन्य आफ्रिकेत उतरले, त्याने एक बंदर जिंकले आणि भोवतालचा समृद्ध मुलूख लुटला. वीस हजार माणसे गुलाम करून जहाजांवर चढविण्यात आली. विद्यार्थी मित्रांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याची आठवण आम्हांस काढावयाची आहे. नंतर सिनेटने मॅनलियसला बहुतेक आरमारासह परत बोलाविले. रेग्युलस मागे राहिला, तो ४० जहाजे, १५,००० पायदळ आणि ५०० घोडेस्वार घेऊन.

याच वेळची एक हकीकत रोमन लेखक मोठ्या कौतुकाने सांगतात. आफ्रिकेतील मुक्काम लांबणार हे कळल्यावर रेग्युलसने, आपल्याला मोकळे करावे, असे पत्र सिनेटला पाठविले. कारण काय? तर त्याच्या घरचे सात युगेरांचे शेत, म्हणजे आपल्या मापाने साडेचार एकरांहूनही थोडे कमी. ते पाहणारा कारभारी वारला होता, आणि रोजावरचा गडी शेतीची अवजारे घेऊन पळाला होता. बायकामुलांनी खावे काय, ही सेनापतीला काळजी. सिनेटने उत्तर धाडले की शेताची मशागत, गेलेल्या अवजारांची भरपाई आणि कुटुंबाचा निर्वाह हे सारे सरकारी खर्चाने होईल. त्याने आपले काम पुरे करावे. कथा नंतरच्या काळात लिहिलेली आहे, हे खरे. पण रोमन लोकांना आपला सेनापती कसा असावा असे वाटत होते, ते तीवरून स्वच्छ दिसते. ज्याच्या शब्दावर पंधरा हजार माणसे चालतात, त्याच्या घरी नांगर धरावयास माणूस नाही!

रेग्युलसने काम नेटाने चालविले. अडिस या गावाजवळ कार्थेजच्या सैन्याने एका टेकडीवर तळ दिला होता. त्यांचे खरे बळ हत्ती आणि घोडदळ यांत. पण टेकडीवर दोहोंचाही उपयोग नव्हता. रेग्युलसने ही चूक हेरली, पहाटेस दोन बाजूंनी हल्ला केला आणि तो तळ उधळून लावला. मग त्याने ट्युनिस जिंकले. हे गाव कार्थेजच्या अगदी उंबरठ्यावर होते. शेजारचे न्युमिडियन लोकही हीच संधी साधून कार्थेजच्या प्रदेशात लूटमार करू लागले. खेड्यापाड्यांतून पळालेली माणसे नगरात गर्दी करून राहिली आणि अन्नाचा तुटवडा पडू लागला.

रेग्युलसच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक येथे घडली. आपली मुदत संपेल आणि नवा कॉन्सल येऊन युद्ध जिंकल्याचे श्रेय घेईल, अशी धास्ती त्याला वाटू लागली, असे पॉलिबियस सांगतो. म्हणून त्याने तहाची बोलणी सुरू केली. कार्थेजचे प्रमुख नागरिक त्याच्या छावणीत आले. पण त्याने घातलेल्या अटी इतक्या कठोर होत्या की पराभवातही याहून अधिक काय गमवावे लागणार, असे त्यांना वाटले. ते परत गेले आणि उपाशी, घाबरलेल्या त्या नगराने लढण्याचा निश्चय केला. शत्रूला सन्मानाने मागे फिरण्यास वाट न ठेवणारा सेनापती त्याला शूर बनवितो, हे रेग्युलसच्या ध्यानात आले नाही.

त्याच सुमारास पैसे देऊन आणलेल्या ग्रीक सैनिकांबरोबर झँथिपस नावाचा एक स्पार्टन कार्थेजमध्ये आला. झालेल्या पराभवाची हकीकत त्याने बारकाईने ऐकली आणि दोष सैन्याचा नसून सेनापतींचा आहे, असे स्पष्ट सांगितले. हत्ती आणि घोडे जवळ असताना टेकड्यांवर लढावयाचे कशाला? नगराने सारी सूत्रे त्याच्या हाती दिली. इ. स. पू. २५५ मध्ये तो सुमारे १२,००० पायदळ, ४,००० घोडेस्वार आणि १०० हत्ती घेऊन सपाट मैदानात उतरला.

हत्तींचा लोंढा थोपविण्यासाठी रेग्युलसने आपल्या तुकड्या एकामागे एक अशा दाट उभ्या केल्या. हत्तींपुरता विचार बरोबर होता. पण दोन्ही बाजूंनी येणाऱ्या घोडदळाचा विचार त्यात नव्हता. त्याचे पाचशे स्वार क्षणात उधळले गेले. समोरून हत्ती, बाजूंनी आणि मागून घोडे, अशा कोंडीत रोमन सैन्य सापडले. सुमारे दोन हजार लोक निसटून किनाऱ्यावर पोहोचले. बाकीचे तेथेच पडले, आणि रेग्युलस पाचशे माणसांसह कैद झाला. या ठिकाणी पॉलिबियस थांबतो आणि वाचकाला दैवाच्या फेऱ्याची आठवण देतो. थोड्याच दिवसांपूर्वी ज्याने पराभूतांना दया दाखविली नाही, त्यालाच आता स्वतःच्या जिवासाठी दयेकडे पाहावे लागले. साऱ्या सैन्याचे बळ जे करू शकले नाही ते एका माणसाच्या बुद्धीने केले, हाही धडा तो काढतो.

यापुढची कथा रोमने जगाला सांगितली ती अशी. रेग्युलस पाच वर्षे कैदेत होता. दरम्यान इ. स. पू. २५० मध्ये सिसिलीतील पॅनोर्मस येथे कार्थेजचा मोठा पराभव झाला. कार्थेजला तह हवा होता. निदान कैद्यांची अदलाबदल तरी हवी होती. त्यांनी आपल्या वकिलांबरोबर रेग्युलसला रोमला पाठविले. बोलणी फिसकटली तर कार्थेजला परत येईन, अशी शपथ त्याच्याकडून घेतली होती. स्वतःच्या सुटकेसाठी तरी तो आपली बाजू मांडील, हा त्यांचा हिशेब.

रेग्युलस रोमला आला. आपण शत्रूच्या शपथेने बांधलेले आहोत, तोपर्यंत आपण सिनेटचे सभासद नाही, अशी त्याची भूमिका होती. मत देण्यास तो कचरला. पण विचारल्यावर त्याने सल्ला दिला तो अदलाबदल न करण्याचा. रोमच्या ताब्यातील कार्थेजचे कैदी तरुण आणि कसलेले सरदार आहेत, आपण तर वयाने थकलेलो आहोत. अशा व्यवहारात रोमचे नुकसान आहे, असे त्याने पटवून दिले. सिनेटने त्याचे ऐकले. आता परत जाण्याखेरीज मार्ग उरला नाही. पत्नी मार्सिया आणि मुले भेटीला आली, तेव्हा कैद्याला नागरिकाचा हक्क नाही या भावनेने त्याने त्यांना जवळही घेतले नाही, असे होरेस या कवीने वर्णिले आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक होते. तरीही कोर्टकज्जे आटोपून एखादा गृहस्थ आपल्या शेतावरच्या घरी निघावा, तसा तो शांतपणे निघाला, असे चित्र होरेसने रेखाटले आहे.

कार्थेजमध्ये त्याचा अंत हालहाल करून करण्यात आला, असे रोमन परंपरा सांगते. कोणी म्हणतात, त्याला झोपू न देता मारले. कोणी म्हणतात, पापण्या कापून भर उन्हात उभे केले. कोणी खिळ्यांच्या पिंपाची हकीकत सांगतात. रोझाने हा शेवटचा प्रकार निवडला. इंग्रज चित्रकार टर्नर याने १८२८ मध्ये रोम येथे याच विषयावर चित्र रंगविले आणि १८३७ मध्ये त्यावर पुन्हा हात फिरविला. त्याने छळ दाखविलाच नाही. एक बंदर, आणि त्यावर ओसंडणारा इतका प्रखर सूर्यप्रकाश की पाहणाऱ्याचेच डोळे दिपावेत.

या कथेने कितीतरी थोर माणसांना विचार करावयास लावले. इ. स. पू. ४४ मध्ये सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यावर ग्रंथ लिहिला, त्यात रेग्युलसची चर्चा विस्ताराने आहे. जबरदस्तीने घेतलेली शपथ पाळावी का? शत्रूला दिलेला शब्द बंधनकारक आहे का? सिसेरोने निःसंदिग्धपणे होकार दिला. युद्धालाही नियम असतात आणि शत्रूशीही प्रामाणिकपणा राखावयाचा असतो, असे त्याचे म्हणणे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीननेही रेग्युलसला सद्गुणी रोमनांच्या अग्रभागी बसविले. हरिश्चंद्राची कथा ऐकत वाढलेल्या आम्हांलाही हा परका माणूस परका वाटत नाही.

येथे लेख संपविता आला असता. परंतु तसे केले तर वाचकांशी, विशेषतः आमच्या तरुण वाचकांशी, प्रामाणिकपणा राहणार नाही. कारण रेग्युलसच्या मोहिमेचे इतके तपशीलवार वर्णन करणारा, त्यातून धडेही काढणारा पॉलिबियस त्याच्या रोमच्या फेरीविषयी आणि छळाविषयी एक अक्षरही लिहीत नाही. तो या घटनांना सर्वांत जवळचा इतिहासकार. इतकी मोठी गोष्ट घडली असती तर ती त्याने गाळली असती, हे संभवत नाही. म्हणून आजचे बहुतेक इतिहासकार रेग्युलस कैदेतच वारला असे मानतात, आणि बाकीच्या कथेकडे संशयाने पाहतात.

आणखी एक हकीकत डायोडोरस या सिसिलीतील ग्रीक लेखकाने नोंदविली आहे. बोडोस्टोर आणि हॅमिल्कार नावाचे दोन कार्थेजियन कैदी रोममध्ये रेग्युलसच्या कुटुंबाच्या ताब्यात होते. पतीचा मृत्यू कार्थेजच्या हयगयीमुळे झाला, असे रेग्युलसच्या पत्नीने धरून घेतले आणि त्याचा सूड या दोघांवर उगवावयास मुलांना सांगितले. एका अरुंद कोठडीत त्यांना उपाशी कोंडण्यात आले. पाच दिवसांनी बोडोस्टोर मेला. हॅमिल्कारला त्या प्रेताशेजारीच ठेवले. अखेर नोकरांना ते पाहवेना. त्यांनी अधिकाऱ्यांना खबर दिली. अधिकारी संतापले, त्या मुलांवर मृत्युदंडाचा प्रसंग येता येता टळला, बोडोस्टोरच्या अस्थी त्याच्या आप्तांकडे पाठविण्यात आल्या आणि हॅमिल्कारची शुश्रूषा झाली. या घरातील क्रौर्य झाकण्यासाठी कार्थेजच्या क्रौर्याची कथा रचली गेली असावी, असा तर्क काही विद्वानांनी केला आहे. तर्क तो तर्कच. पण कार्थेजची बाजू आज कोण सांगणार? इ. स. पू. १४६ मध्ये रोमने ते नगर जाळून जमीनदोस्त केले, आणि त्या लोकांनी स्वतःचा लिहिलेला इतिहास आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. जिंकणाऱ्याच्या लेखणीने उतरलेला शत्रू नेहमीच क्रूर असतो. गुलाम करून नेलेल्या त्या वीस हजार माणसांतील एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.

मग ही कथा टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. शब्द पाळण्याचे महत्त्व रेग्युलस रोमला आला किंवा नाही यावर अवलंबून नाही. एका समाजाने शतकानुशतके आपल्या मुलांना हे शिकविले की शत्रूला दिलेला शब्दही मोडू नये, आणि मृत्यू समोर असला तरी मोडू नये. हा आदर्श आम्ही आदराने स्वीकारतो. पण त्याच कथेच्या पोटात दुसऱ्या एका लोकांविषयीचा द्वेषही वाढविला गेला. तो आम्ही स्वीकारीत नाही. ज्या कथेतून आपण खरेपणा शिकावयाचा, तिच्याविषयी खोटे मात्र बोलू नये, एवढे पथ्य आपण पाळले पाहिजे. आणि रेग्युलसचे खात्रीचे असे जे चरित्र उरते तेही लहान नाही. तो शूर होता, साधा होता, आणि विजयाच्या क्षणी त्याला दया सुचली नाही. त्याची किंमत त्याने आणि त्याच्या हजारो सैनिकांनी मोजली. हा धडा तर पॉलिबियससारख्या साक्षेपी माणसाने दिलेला आहे.

रोझाच्या चित्राकडे आम्ही पुन्हा एकदा पाहतो. खिळे ठोकणाऱ्या त्या माणसांचे हात मोठ्या कौशल्याने रेखलेले आहेत. पिंप खरे होते की नाही, कोणास ठाऊक. पण ते जगभर पाहिले गेले. रोममधील त्या अरुंद कोठडीचे चित्र मात्र आमच्या पाहण्यात कोठेही आलेले नाही. हे पिंप पाहताना आमच्या वाचकांनी त्या कोठडीचीही आठवण ठेवावी, आणि नोकर असूनही तिची खबर द्यावयास जे निघाले त्यांचीही.